तेव्हा कुठं होतीस?

बातम्यांनी झोप उडालेले लोक आता गोव्यात फोंड्यातही माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात. त्यातल्या पुष्कळांची तक्रार भीतीची नसते, अपराधीपणाची असते: एका ठिकाणच्या मेलेल्यांसाठी रडू येतं, दुसऱ्या ठिकाणच्यांसाठी आत काहीच हलत नाही, म्हणजे मी दुटप्पी आहे का? इथल्याच अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा परिसरातल्या, एका निवृत्त शिक्षिकेचा हा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

बाईंची हयात भूगोल शिकवण्यात गेली. गाझातल्या एका मुलाचा फोटो त्यांनी स्टेटसला ठेवला आणि दुबईतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, "पहलगामच्या वेळी कुठं होतीस मावशी? आणि सुदानचं काय?" पहलगामच्या 26 जणांसाठी बाई देवळात दिवा लावून आल्या होत्या, फक्त त्याचा फोटो काढला नव्हता. तो टोमणा त्यांनी सोडून दिला. सुदानचा मात्र रुतला, कारण सुदानमधल्या युद्धाबद्दल त्यांना खरोखरच काही वाटलं नव्हतं.

मग वही सुरू झाली. रकाने आखलेले: देश, मृत, बातमी पहिल्या पानावर की आत, आणि शेवटचा, ‘मला रडू आलं का’. आकडे बदलले का हे बघायला बाई रात्री उठून मोबाईल उघडू लागल्या. जुने दहशतवादी हल्लेही भरले होते. नोव्हेंबर 2015: 12 तारखेला बैरुतमध्ये चाळीसहून जास्त, 13 तारखेला पॅरिसमध्ये 130. पॅरिससमोर ‘हो’, बैरुतसमोर रेघ.

आमच्या व्यवसायात पहिली शंका घरावर जाते. विचारलं. घरात सगळं बरं होतं. त्रास बातम्यांचाच होता आणि मी तो तसाच धरला. जगाचं दुःख घेऊन आलेल्या माणसाला ‘तुमचं खरं दुःख वेगळंच आहे’ असं सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं.

आम्ही तिसरा रकाना आधी घेतला. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या संशोधकांनी 1965 मध्ये काँगो, क्युबा आणि सायप्रसच्या बातम्या नॉर्वेच्या वर्तमानपत्रांत कशा आल्या ते तपासलं होतं. बलाढ्य देश, आपल्यासारखी वाटणारी माणसं, एकदम घडलेली घटना. अशा गोष्टी बातमीत लवकर शिरतात. महिनोन्‌महिने चाललेली उपासमार मागे राहते. कधी वाटच बंद असते. मणिपुरात 4 मे 2023 ला दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली गेली. तिथलं इंटरनेट बंद होतं. त्याचा व्हिडिओ देशभर पोचला तो 19 जुलैला. "मधल्या अडीच महिन्यांत तुमचं मन बथ्थड झालं होतं का, बाई?" त्या म्हणाल्या, "कळलंच नव्हतं."

पण एवढ्यावर त्यांना मोकळं करायचं नव्हतं. सगळा दोष पेपरवाल्यांवर टाकणं फार सोयीचं आहे, आणि सुदानच्या बातम्या येत होत्या, आतल्या पानावर का होईना. वहीत एक नोंद वेगळी होती. एप्रिल 2015, केनियातल्या गारिसा विद्यापीठावरचा हल्ला, 148. बातमी आत, तरी ‘हो’. का? बाईंच्या शेजारघरातले आजोबा नैरोबीत नोकरी करून परतलेले. लहानपणभर त्यांनी तिथल्या गोष्टी ऐकल्या होत्या. गोव्यात अंतरं अशीच विचित्र असतात. कुवेत, नैरोबी, कंपाला कुणाच्या ना कुणाच्या घरातली, आणि इंफाळ मात्र लांब. बाईंचं रडू ओळखीच्या मागे जात होतं. त्या रडण्याला चारित्र्याचं प्रमाणपत्र समजायचं कारण नव्हतं.

त्यावर उपाय जास्त बघणं हा नव्हे. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताण सांगितला होता. म्हणून मोबाईल रात्री स्वयंपाकघरात आणि बातम्या दिवसातून एकदा, शक्यतो छापील, असं ठरलं. शेवटचा रकाना बंद. आणि एक देश निवडायचा, त्याच्या मेलेल्यांपलीकडे तो जाणून घ्यायचा.

बाईंनी सुदान निवडला, हट्टाने. पुढच्या खेपेला आल्या त्या जरा उत्साहातच. निळी आणि पांढरी नाईल खार्तूमला मिळतात हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं, त्याच खार्तूममध्ये 15 एप्रिल 2023 ला लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठले, एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून गेली. शरबतांत पडणारा बाभळीच्या जातीतला डिंक बहुतांशी तिथला, हेही त्यांनी मला ऐकवलं. रडू आलं का, असं मी विचारलं नाही.

भाच्याबद्दल माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ‘तेव्हा कुठं होतीस’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा सुदानसाठी कुणी रडावं असं वाटत नसतं, गाझासाठी रडू नये एवढंच हवं असतं. तरी प्रश्न खरा मानून उत्तर द्यायला हरकत नाही. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "सुदानवर वाचते आहे. तू काय वाचलंस ते पाठव." बरेच दिवस काही नाही. मग बाईंनीच सुदानच्या खाणींतलं पुष्कळ सोनं दुबईच्या बाजारात जातं, ही बातमी टाकली. त्यावर भाचा चिडला, मग त्याने दोन लेख पाठवले, आणि सध्या ग्रुपवर मावशी-भाच्याचा सोन्यावरून वाद चालू आहे. बाईंच्या वहिनीने ग्रुप म्यूट केला आहे. बाई मात्र आता रात्री उठत नाहीत, सकाळी वाद घालतात.

ज्यांची झोप दोन आठवडे परतत नाही, जेवण सुटतं, त्यांनी वहीपर्यंत थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आणि बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहेच.