भिंतीवरून कपाटाकडे

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कॉलेजच्या ग्रंथालयात डिसेंबरात कलाप्रदर्शन भरवायची जबाबदारी तुझ्यावर आली आहे, वाचनकक्षाच्या दोन भिंती आणि एक लांब टेबल मिळालं आहे, आणि "भिंतीवर काय लावू?" असं तू विचारलं आहेस. मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, त्यातली बहुतेक याच सातारा जिल्ह्यात. त्या अनुभवावरून सांगते, काय लावायचं ते नंतर ठरव. प्रदर्शन बघून झाल्यावर मुलं कोणत्या कपाटाकडे वळावीत, ते आधी ठरव.

हॉलमध्ये चित्रं लावली की माणसं बघतात आणि घरी जातात. तुझ्याकडे मात्र चित्रापासून दहा पावलांवर पुस्तकं आहेत. ग्रंथालयाच्या वर्गांकांत, म्हणजे पुस्तकांच्या विषयवार क्रमांकांत, ७४१ ला रेखाटन, ७५० ला चित्रकला, ७७० ला छायाचित्रण, ७८० ला संगीत. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत हे ७०० चं कपाट कोपऱ्यात असतं आणि वर्षानुवर्षं त्याची कडीही कुणी काढत नाही. तुझं प्रदर्शन त्या कडीसाठी आहे असं समज.

म्हणून बाहेरून काही मागवायच्या आधी दोन दिवस स्वतःच्या ग्रंथालयात शोध घे. दाखल नोंदवही काढ, जुन्यातली जुनी, आणि ओळीवर बोट ठेवून वाचत जा. मासिकांचे बांधीव खंड, दिवाळी अंक, कुणा निवृत्त प्राध्यापकांनी देणगी दिलेले गठ्ठे हे सगळं तिथे नोंदलेलं असतं आणि प्रत्यक्षात मागच्या खोलीत सुतळीत बांधून पडलेलं असतं. ते कुठे आहे हे तुमच्या शिपाईमामांना ठाऊक असेल. त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घे आणि निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव छाप. मी हे फार उशिरा करायला लागले, आणि त्याची मला खंत आहे.

गठ्ठ्यात दिवाळी अंक निघाले तर तुझं निम्मं काम झालं. मराठी घरात चित्र पोचलं ते मोठ्या प्रमाणात दिवाळी अंकांमधून. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठं खेडोपाडी गेली; दलालांनी तर १९४५ साली स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. माझ्या आईने आयुष्यात एकही चित्रप्रदर्शन पाहिलं नाही, पण एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कापून, चौकट करून तिने देवघराशेजारी लावलं होतं. मी चित्र बघायला शिकले ती त्या चौकटीपुढे.

अंकांशेजारी एक भिंग ठेव. त्या काळची रंगीत मुखपृष्ठं ठोकळ्यांवरून छापलेली असायची. भिंग धरलं की चित्रातल्या बाईच्या गालावरचा गुलाबी रंग नाहीसा होतो आणि पिवळे, किरमिजी, निळे, काळे ठिपके दिसू लागतात. चित्रकलेशी आपला काही संबंध नाही असं म्हणणारी विज्ञान शाखेची मुलं या भिंगापाशी मी अर्धा अर्धा तास उभी पाहिली आहेत. तिथेच टेबलावर चिठ्ठी लाव: 'छपाई कशी होते? वर्गांक ६८६, दुसरी रांग, खालचा खण.' प्रत्येक वस्तूखाली चित्रकार, अंक, साल लिहिशीलच. त्याच अक्षरात, तेवढ्याच आकारात वर्गांक आणि खणही लिही. हे सोडून बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

आता एक चूक सांगते, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी असंच प्रदर्शन भरवलं. उजेड चांगला येतो म्हणून टेबल पश्चिमेच्या खिडकीखाली मांडलं आणि अंक पंधरा दिवस एकाच पानावर उघडे ठेवले. उचलले तेव्हा एका चित्रातलं शेंदरी लुगडं फिकट झालं होतं. शेजारच्या अंकाखाली झाकलेली एक पट्टी तेवढी मूळ रंगाची राहिली होती, आणि त्या पट्टीमुळे बाकीचं किती गेलंय ते कळत होतं. गेलेला रंग परत येत नाही. उजेडाने होणारी इजा साठत जाते, अंक पुन्हा कपाटात अंधारात ठेवला म्हणून भरून निघत नाही. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, तो याच कारणाने. तुझ्याकडे मोजायचं यंत्र नसेल, पण टेबल खिडकीपासून लांब घेता येतं, पडदे ओढता येतात आणि दर दोन दिवसांनी पान उलटता येतं. अंकांना सेलोटेप लावू देऊ नकोस, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. पुठ्ठ्याचे उतरते आधार कर आणि बांधीव खंड त्यांवर अर्धवटच उघडून ठेव. सपाट उघडला की शिवण उसवते.

डिसेंबर निवडलास हे बरं केलंस. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि बुरशी धरतो, त्या दिवसांत जुने गठ्ठे सोडूच नयेत. आताही सोडल्यावर आधी सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेव, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटक, कसर दिसली तर तो अंक बाजूला काढ.

भिंतींवर मुखपृष्ठांच्या मोठ्या रंगीत प्रती काढून लावायचा मोह होईल. मूळ अंक मांडायला काही अडचण नाही, पण प्रती छापताना आणि फोटो इंटरनेटवर टाकताना थांब. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क टिकतात. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, तिथे तो प्रश्न उरत नाही. भिंती मुलांच्या स्वतःच्या चित्रांना दे. फक्त एक अट घाल: प्रत्येकाने चित्र देताना ग्रंथालयातलं एक पुस्तक किंवा अंक निवडायचा आणि त्याचा वर्गांक आपल्या चित्राखाली लिहायचा. पुस्तक कलेचंच हवं असं नाही. वनस्पतिशास्त्राचं चालेल, शिलालेखांचंही चालेल.

बांधीव खंडांत 'किर्लोस्कर' मासिक सापडलं तर ते मुद्दाम वेगळं मांड. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून ते सुरू झालं, आता सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत, आणि त्याचे संपादक शंकरराव स्वतः चित्रकार होते. वाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांनी ती सोडली आणि यंत्रांच्या रेखाचित्रणाकडे वळले. वाडीतल्या त्यांच्या कारखान्याला जमीन मिळाली ती औंध संस्थानात.

औंधचं नाव आलं की माझं पत्र लांबतं, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर जी इमारत बांधली, तिचं नाव श्री भवानी संग्रहालय आणि ग्रंथालय. चित्रं आणि पुस्तकं त्यांनी एका छताखाली आणली. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे, आपल्या खटाव तालुक्यात! साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी चित्रं देणाऱ्या मुलांना तिथे ने. परत आल्यावर ती आपल्या चित्राखालचा मजकूर बदलायला मागतील, माझ्याबाबतीत दोनदा तसं झालं. बदलू दे.

टेबलाच्या एका टोकाला कोरे कागद, पेन्सिली आणि खोडरबर ठेव. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, पण त्यांच्यासमोर बसून चित्र काढायला कुणाची ना नसते. हे मुलांना माहीतच नसतं, तसा फलक लाव. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्क संपलेल्या लाखो कलाकृतींचे फोटो मुक्त वापरासाठी खुले केले आहेत. एका संगणकावर ते उघडून ठेव, बास.

उद्‍घाटन, फोटो, अहवाल हे कॉलेजला हवं असतं, तेही नीट कर. पण संपल्यावर महिन्याभराने देवघेवीच्या संगणकातून ७०० च्या वर्गातल्या पुस्तकांची नोंद काढ आणि आधीच्या महिन्याशी ताडून बघ. माझ्या एका प्रदर्शनानंतर वाणिज्य शाखेच्या मुलाने अक्षरलेखनाचं एक पुस्तक नेलं आणि लागोपाठ पाच वेळा मुदत वाढवून घेतली. दुसऱ्या एका मुलीला तेच हवं होतं. मी दुसरी प्रत मागवली, आणि त्या कपाटासाठी इतक्या वर्षांत कुणी मागितलेली ती पहिली दुसरी प्रत होती.

नोंदवहीत काय सापडलं ते लगेच कळव. माझं भिंग अजून आहे, पितळी कडीचं. पुढच्या आठवड्यात राजवाड्याकडे येणं आहे, तेव्हा ते घेऊन येईन.

तुझी,
ग्रंथपाल बाई