खदानीवर हायवा (दगड-खडी वाहायचा मोठा टिपर) चालवायला मराठी-हिंदी दोन्ही येणारा ड्रायव्हर कसा निवडावा? पगार किती द्यावा?

ऑफिसात बसवून मुलाखत घेऊ नका. चहा पिताना दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात. खदानीवर न्या, क्रशर, म्हणजे दगड फोडायचं मशीन, चालू असताना मराठीत निरोप द्या आणि तोच पोकलेनवाल्याला (खोदाईचं मशीन चालवणाऱ्याला) हिंदीत सांगायला लावा. निरोपातलं काही गळलं तर माणूस घेऊ नका.

मी पनवेलच्या पुढे एका दगडखाणीवर सुपरवायझर होतो. मुकादम आणि ब्लास्टिंगवाले मराठी, पोकलेनवाले झारखंडचे, हायवावर बरीचशी बिहारची पोरं. भरती मालकाचा भाचा करायचा. त्याचं ठाम मत, स्टिअरिंगला भाषा लागत नाही. कळंबोलीला जाऊन सगळ्यात कमी पगाराला तयार होईल तो उचलायचा. मी सोलापूरकडचा एक ड्रायव्हर आणला, छत्तीसगडच्या कोरबाला कोळसा खाणीत डंपर चालवून हिंदी पक्की करून आलेला. त्याने दोन हजार जास्त मागितले म्हणून भाचा माझ्याशी बोलेना.

एका दुपारी ब्लास्टिंग झालं, पण सुरुंगाचं एक होल उडालंच नाही. स्फोटकं आत तशीच. ब्लास्टरने वॉकीटॉकीवर मराठीत सांगितलं, खालच्या बेंचवर (खाणीतल्या खालच्या टप्प्यावर) कोणी उतरू नका. एक नवा पोरगा हां हां म्हणाला आणि गाडी उताराला घातली. सोलापूरवाल्याने आपली रिकामी हायवा रस्त्यात आडवी लावली, खाली उतरून त्याला हिंदीत समजावलं आणि कुठे जायचं नाही ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. हे वदवून घेणं फार थोड्यांना जमतं. भाचा संध्याकाळी म्हणाला, नशीब चांगलं. नशिबाचा काय संबंध? जास्तीचे दोन हजार त्यासाठीच होते!

भाषा कायदाही मागतो. घातक माल, म्हणजे स्फोटकंसुद्धा, वाहणाऱ्या ड्रायव्हरला 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 9 प्रमाणे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता यावी लागते. साध्या खडीच्या गाडीला ती अट नाही, पण रॉयल्टी पासवरची (माल नेण्याच्या सरकारी परवान्यावरची) वेळ आणि ब्रास, म्हणजे मालाचं माप, न वाचता निघालेली गाडी तहसील कचेरीच्या आवारात उभी राहते. म्हणून नुसतं बोलता येऊन भागत नाही. खाण प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणि मेडिकलही बघा.

पगाराचा आकडा शिफ्ट आणि राहण्याखाण्यावर ठरेल. दुसऱ्या भाषेचे पैसे मात्र वेगळे आणि सगळ्यांना सांगून द्या. नाहीतर बाकीचे कुरकुरतात आणि तो निरोप पोचवणं सोडून देतो.

सगळी टीम एकाच मुलखातली असेल तर यातलं बरंचसं लागणार नाही. आणि असा माणूस मिळाला म्हणून सायरन, लाल झेंडे, रस्त्यावरचे पहारेकरी कमी करू नका. त्यावरूनही भाच्याशी माझं वाजलं होतं.