पाच टक्के सूर्य

प्रश्न : सूर्य ९५ टक्के झाकला गेला होता असं एक ग्रहण मी चष्मा लावून पाहिलं. केशरी कोर छान दिसली, पण अंगावर काटा वगैरे काही आला नाही. उजेडही जेमतेम मंदावला. माझा मित्र म्हणतो, खग्रास बघताना माणसं रडतात. उरलेल्या पाच टक्क्यांत एवढं काय आहे? २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणासाठी लांब जायचा खटाटोप करावा का? आणि गेलोच, तर कॅमेऱ्याला कोणती लेन्स लावावी?

उत्तर : आधी लेन्सचं बोलू, कारण त्यात मी चांगलीच पोळले आहे.

२४ ऑक्टोबर १९९५ ला मी खग्रासच्या पट्ट्यात उभी होते. तिथे सूर्य पुरता मिनिटभरही झाकलेला राहणार नव्हता. माझ्याकडे उसनी आणलेली लांब लेन्स, तिपाई, ३६ फोटोंचा रोल आणि कोणता फोटो किती वेगाने काढायचा याची कागदावर लिहिलेली यादी. अंधारलं आणि मी मान खाली घालून बटण दाबत सुटले. ‘लेन्सवरचा काळा फिल्टर काढणे’ ही यादीतली पहिलीच ओळ होती, पण घाईत यादीकडे बघतंय कोण! शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा दंड धरून हलवला, “अहो, वर बघा की!” तेव्हा दहा-बारा सेकंद उरले असतील. रोल धुऊन आला तो कोरा करकरीत. जे काही पाहिलं ते त्या बाईंच्या कृपेने, आणि त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

२२ जुलै २००९ चं ग्रहण या शतकातलं सर्वांत लांब खग्रास. मी ते ढगांखालून पाहिलं. म्हणजे सकाळ झाली, रात्र झाली, पुन्हा सकाळ झाली. पुढे.

आता तुमचे पाच टक्के. भर उन्हातला उजेड इतका प्रचंड असतो की त्याचा विसावा हिस्सा उरला, तरी तो दिवे लावलेल्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त भरतो. शिवाय उजेड हळूहळू कमी होतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या तेवढ्याच हळूहळू मोठ्या होत जातात, म्हणून फसगत होते. खरी गोम पुढेच आहे. ज्यासाठी लोक लांबचा प्रवास करतात तो करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं पांढरं प्रभामंडळ, सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखांश तेजाचा असतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या आसपास. पाच टक्के बिंब उघडं असेल तर ते करोनाच्या सुमारे ५०,००० पट तेजस्वी भरतं. एक टक्का उघडं असलं तरी १०,००० पट. त्याच्याशेजारी करोना दिसणार कसा? म्हणून तुम्ही ९५ टक्के ग्रहण पाहिलं, पण मित्र जे सांगतो आहे त्यातलं काहीच पाहिलं नाही. त्याचं खोटं नाही आणि तुमचंही नाही.

२१ ऑगस्ट २०१७ ला मात्र मी कॅमेरा नेलाच नाही. दोन मिनिटांहून थोडं अधिक मिळालं. पहिला चावा पडल्यापासून सव्वा तास काही विशेष घडत नाही; माणसं खातात-पितात, गप्पा मारतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत ऊन आजारी दिसायला लागलं. संध्याकाळचं ऊन तांबूस असतं, हे राखाडी होतं, डोक्यावरून येणारं आणि ऊब नसलेलं. सूर्याची नुसती कोर उरल्यामुळे सावल्यांना धार आली. हात धरला तर मनगटावरचे केस जमिनीवर सुटे सुटे दिसत होते. झाडाखाली पानांच्या फटींतून शेकडो कोरी सांडलेल्या. मग पश्चिमेकडून काळोख आला. आला म्हणजे अक्षरशः चालून आला, वळवाचं आभाळ यावं तसा, फक्त आवाज नाही. या चालून येण्याची कल्पना मला कुठल्याच पुस्तकाने दिली नव्हती.

शेवटचा ठिपका लखलखला, त्यालाच हिऱ्याची अंगठी म्हणतात, आणि विझला. चष्मा काढला. सूर्याच्या जागी काळी, अगदी काळी चकती आणि तिच्याभोवती पिंजलेल्या कापसासारखे पांढरे झोत, एका बाजूला लांब, दुसरीकडे आखूड. फोटोत हे चपटं दिसतं. डोळ्यांना ते टांगलेलं दिसतं. कडेला गुलाबी कण. उजवीकडे शुक्र. चहूबाजूंच्या क्षितिजावर एकाच वेळी संध्याकाळ. मी रडले नाही, पण माझे गुडघे लटपटत होते, हे नंतर बसल्यावर कळलं.

आता चष्म्याचं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून डोळा भाजत असताना माणसाला पत्ता लागत नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, सगळं बाद. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच. चष्मा लावून दुर्बिणीतून बघायचं नाही. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडालाच फिल्टर हवा. नुसत्या डोळ्यांनी बघायचं ते फक्त बिंब पूर्ण झाकलेलं असताना, आणि दुसरा हिरा चमकला की लगेच चष्मा. कंकणाकृती ग्रहणात मात्र तो काढायचाच नाही. तिथे सूर्य पुरता झाकलाच जात नाही.

२०२७ ला जा. इजिप्तमध्ये लक्सरच्या परिसरात सहा मिनिटांहून अधिक खग्रास आहे आणि ऑगस्टमध्ये तिथे ढग फारसे नसतात. माझ्या तिन्ही ग्रहणांची बेरीजही एवढी होत नाही. पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ थांबा. काठावर वेळ झपाट्याने कमी होतो. पट्ट्याच्या बाहेर, ‘९९ टक्के तर आहे ना’ म्हणून हॉटेल घेऊ नका, मग तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

लेन्स घरी ठेवा. फार वाटलं तर फोन आवाज टिपायला लावून जमिनीवर ठेवून द्या. २०१७ ची माझी ध्वनिफीत आहे. तिच्यात मी दोन मिनिटं फक्त ‘अरे… अरे… अरे’ म्हणते आहे, आणि शेवटी, “माझा चष्मा कुठे गेला?”