‘डॉक्टरांना सांगितलं तर रागावतील ना?’

“मॅडम, गोळ्यांबरोबर काढाही घेते. डॉक्टरांना सांगू का? रागावतील ना?” माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कधी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या शिक्षिकेकडून येतो, कधी बीपीवाल्या निवृत्त कामगाराकडून, तर कधी फिट येणाऱ्या मुलाच्या आईकडून. आपल्या सोलापुरात घरोघरी एकाच फळीवर चूर्णाच्या पुड्या आणि गोळ्यांची पाकिटं शेजारी शेजारी असतात. त्याला माझी हरकत नाही. काळजी वाटते ती लपवण्याची. म्हणून एका अक्कांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

अक्का पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, सारं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. सून त्यांना घेऊन आली. “मधूनच घाबरं होतं यांना. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. ईसीजी नॉर्मल आहे. सगळे म्हणतात, टेन्शन घेतात.”

टेन्शन होतंच. मुलाचा यंत्रमाग कारखान्यातला रोजगार सुटला होता. पण एक कारण हाताशी लागलं की लोक पुढचं शोधायचं सोडून देतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, यावर माझी श्रद्धा आहे. तरी मनाला हात घालण्याआधी मी शरीराचं वेळापत्रक विचारते. कधी होतं, किती वाजता, आधी पोटात काय गेलं होतं? हा माझा नेम आहे आणि तो मी कधी मोडत नाही. सुनेला म्हटलं, घाबरं होईल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, वेळही लिहा.

पुढच्या खेपेला कॅलेंडर टेबलावर पसरलं. खुणा बहुतेक सोमवारच्या, वेळ अकरा-साडेअकराची.

“सोमवारी काय असतं, अक्का?”

“सिद्धेश्वराचा उपास. सकाळी दर्शनाला जाते.”

“शुगरची गोळी?”

“ती चुकवत नाही. चुकवायची नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.”

“गोळीशिवाय आणखी काही घेता?”

अक्कांनी सुनेकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. मी सुनेला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मग बटव्यातून कागदाची पुडी निघाली. गुडमार, जांभळाच्या बिया, कारलं, मेथी. भावानं मुद्दाम कुटून पाठवलेलं चूर्ण. रोज अनशापोटी दोन चमचे.

ती पुडी पाहताच मला सगळं उलगडलं. त्यांच्या फाइलमध्ये ग्लिमेपिराइड लिहिलेली मी आधीच पाहिली होती. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. चूर्णातली द्रव्यंही साखर उतरवायला मदत करणारी, आणि त्यात सोमवारी पोट रिकामं. साखर ७० च्या खाली घसरली की शरीर धोक्याची घंटा म्हणून अ‍ॅड्रेनलिन सोडतं. भीती वाटली तरी तेच सोडतं. त्यामुळे घाम, थरथर, धडधड दोन्हीकडे सारखीच. बाहेरून पाहणाऱ्याला ‘टेन्शन’च दिसणार. अशा बाईला धडधडीवर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी सुरू झाली असती, तर थरथर आणि धडधड दबली असती, साखर मात्र खाली जातच राहिली असती. हा विचार मनात आला आणि माझ्या अंगावर काटा आला.

“अक्का, हे डॉक्टरांना माहीत आहे?”

“न्हाई. शेजारणीनं सांगितलं तर तिला म्हणाले, मग माझ्याकडं कशाला येता? आन् भावाला तरी नको कसं म्हणू? एवढ्या मायेनं पाठवतोय.”

चूर्ण बंद करायचं की गोळी कमी करायची, हे ठरवणं माझं काम नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं होतं, आणि तिथे जाऊन त्या खरं बोलतील याची खात्री करायची होती. म्हणून विचारलं, “समजा, डॉक्टर रागावले. मग काय होईल?”

“लाज वाटंल.”

“मग?”

“मग... काही न्हाई. बोलतील आन् गोळ्या लिहून देतील.” एवढं बोलून त्या थांबल्या आणि चक्क हसल्या. “एवढंच की हो!”

या ‘एवढंच’साठी मी हे काम करते. रागावण्याची भीती त्यांना आजारापेक्षा मोठी वाटत होती. तिच्याकडे सरळ पाहिलं तेव्हा ती पेलण्याएवढी निघाली. मग मी डॉक्टर झाले, जरा करड्या आवाजात बोलले, आणि अक्कांनी डॉक्टरांना सांगायचं वाक्य माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं. सुनेला आत बोलावून सांगितलं, घाबरं होईल तेव्हा साखर मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायचं यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नका, साखर द्या. उपास असला तरी.

यंत्र घरी आल्यावरच्या पहिल्याच सोमवारी साखर ५६ निघाली. डॉक्टरांनी चूर्ण थांबवलं, उपासाच्या दिवसाचा डोस बदलून दिला, आणि ते घाबरणं गेलं. मुलाच्या कामाची काळजी उरली. त्यावर आम्ही नंतर निवांत बोललो. भावाला अक्कांनी स्वतः फोन केला. तो रागावला नाही. उलट म्हणाला, मी बीपीच्या गोळीबरोबर घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळतो, त्याचं काय? प्रश्न अगदी योग्य होता. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय करणार’ ही समजूत मला रोज भेटते. जे गुण करतं ते गोळीच्या कामातही हात घालू शकतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना लसणाच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. इसबगोल थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर लागतं. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते, झोपेच्या गोळीची गुंगीही. फिट येणाऱ्या मुलाच्या आईला मी शंखपुष्पीबद्दल आवर्जून विचारते. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून ती सर्रास दिली जाते, आणि त्या सिरपमुळे फेनिटॉइन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी उतरते हे मुंबईच्या संशोधकांनी १९९२ मध्येच दाखवलं आहे. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर काढा, चूर्ण, कॅप्सूल, सगळं आधीच सांगायचं.

हे वाचून घाबरून कुठलीच गोळी स्वतःहून बंद करू नका. फिटची आणि रक्त पातळ करणारी तर मुळीच नाही. घरातलं सगळं एका पिशवीत घाला, पुड्यांसकट, आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. वैद्यांकडे जातानाही तीच पिशवी न्या. चांगला वैद्य चालू गोळ्या विचारतोच. आणि डॉक्टर खरंच रागावले, तर अक्कांनी पाठ केलेलं वाक्य तुम्हीही वापरा: “रागवा डॉक्टर, पण आधी हे माझ्या गोळ्यांबरोबर चालतं का ते बघा.”