बाटली कुठली घेऊ, विचारलंस म्हणून

काय रे,

तुझा मेसेज बघितला, बाळाच्या दुधाच्या अकरा बाटल्यांचे फोटो आणि खाली "यातली बेस्ट कुठली?" ऑफिसात खरेदीचं काम तू असंच करायचास, कोटेशन मागवून तक्ता करून, आणि ते मीच शिकवलंय तुला त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. पण इथे तो तक्ता चालत नाही रे, कारण ज्याच्यासाठी खरेदी चाललीय ते गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय आणि त्याची आवड काय निघेल ते त्याच्या आईलाही आत्ता सांगता येणार नाही.

म्हणून आधी एवढंच, सहा-आठ बाटल्यांचा सेट घेऊन ठेवू नकोस. एक घे, फार तर दोन वेगळ्या प्रकारच्या, लहान, १२० मिलीच्या आसपासच्या. पहिल्या काही दिवसांत बाळ एका वेळी ३० ते ६० मिलीच्या वर फारसं पीत नाही, २४० ची लागेल तेव्हा बघता येईल. आणि अंगावरचं दूध नीट सुरू झालं तर कदाचित बरेच महिने बाटली लागणारही नाही, जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पण कुणाला दूध पुरत नाही, कुणाचं बाळ दिवस भरायच्या आधीच येतं, कुणाला कामावर परत जायचं असतं, आणि कुणाला नाहीच जमत. तसं झालं तर घरात टोमणे सुरू होतात, ते सगळे बाळाच्या आईच्याच वाट्याला येतात, तेव्हा तू मधे पडायचंस, बाटलीच्या कंपनीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

आमचं सांगतो. मुलगी साडेचार महिन्यांची असताना बायकोची रजा संपत आली आणि मी मोठ्या तोऱ्यात बाटली आणली. पोरीने ओठ गच्च मिटले. मग निपल जिभेने बाहेर ढकलायला लागली, मग नुसती बाटली दिसली तरी रडायला. मग दुसरी आणली, रुंद निपलची, मग तिसरी, "आईसारखी" म्हणून लिहिलेली, असं करत पाच झाल्या आणि पाचही कपाटात ओळीने उभ्या. शेवटी एका संध्याकाळी बायको कंटाळून तासभर बाहेर गेली, मी पोरीला पाठ माझ्या छातीला अशी घेऊन घरभर फिरत होतो, निपल कोमट पाण्यात बुडवून ओठांना नुसतं लावून ठेवलं, पाजायचा प्रयत्न वगैरे काही नाही. दहा मिनिटं ती ते नुसतं चावत बसली आणि मग घोट घेतल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. बाटली कुठली माहितीये? पहिली, मी आणलेली सगळ्यात पहिली. आईचा वास जवळ असताना तिला ही प्लास्टिकची भानगड नकोच होती, एवढं साधं होतं ते आणि आम्ही तीन आठवडे दुकानं पालथी घातली.

बाटलीपेक्षा निपलकडे लक्ष दे. त्यावर १, २, ३ असे आकडे असतात किंवा महिने लिहिलेले असतात, ते सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, एकीच्या १ नंबरातून दुसरीच्या २ पेक्षा जास्त दूध येऊ शकतं, त्यामुळे "तीन महिने झाले, चला पुढचा नंबर" असं करायचं नाही. बाळाकडे बघायचं. ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतंय, गटागटा गिळतंय, ठसका लागतोय, हाताची बोटं ताठ फाकलीयेत, तर फ्लो जास्त होतोय. उलट चोखून चोखून दमतंय, चिडतंय, निम्मं व्हायच्या आत झोपून जातंय आणि तासाभरात भुकेने परत उठतंय, तर कमी पडतोय. सुईने भोक मोठं करायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नकोस, तुकडा सुटून तोंडात जाऊ शकतो आणि मग धारही कशीही लागते.

आणि निपल आत ओढलं जाऊन चपटं होत असेल तर दर वेळी फ्लोचा दोष नसतो. बऱ्याच बाटल्यांत दूध बाहेर येतं तेवढी हवा आत जायला निपलच्या कडेला जागा असते आणि आपण रिंग नळाच्या फिटिंगसारखी आवळली की ती जागा बंद. थोडीशी सैल कर, आतून बारीक बुडबुडे येताना दिसतील. मी सुरुवातीला मुद्दाम आवळायचो कारण एकदा रात्री अडीचला अर्धवट झोपेत रिंग तिरकी बसवली होती, पावडर मिसळायला बाटली जोरात हलवली आणि सगळं दूध माझ्या बनियनवर, कोपरापर्यंत चिकट, आणि पोरगी तारस्वरात. त्याचा धसका घेऊन पुढे महिनाभर बिचारीला गच्च रिंगची बाटली.

पाजताना आडवं झोपवून बाटली वरून उभी धरायची नाही. बाळाला बसतं धर, म्हणजे तिरकं, डोकं वर, आणि बाटली जवळजवळ आडवी, निपलमध्ये दूध राहील इतकीच कलती. चारदोन मिनिटांनी बाटली खाली करून दम घेऊ दे. तोंड फिरवलं की संपलं. इथे सगळे चुकतात, मीही चुकलो, बाटलीवर खुणा असतात ना, "अजून ३०च मिली राहिलंय, टाकून कशाला द्यायचं" म्हणून आपण कोंबतो आणि पाच मिनिटांनी ते ६० होऊन आपल्या खांद्यावर परत येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचे मिली कुणी मोजत नाही, ते पोटभर पिऊन सोडून देतं, बाटलीवाल्याला पण तेवढी मुभा दे. आणि बाटली उशीला टेकवून बाळ एकटं ठेवायचं नाही, कितीही झोप आली तरी नाही, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तुझ्या यादीत निम्म्या बाटल्या अँटी-कॉलिक आहेत, म्हणजे बाळाच्या पोटात हवा जाऊन दुखू नये म्हणून हवेला वेगळी वाट ठेवलेल्या. काही बाळांना त्याने आराम पडतो, मी नाकारत नाही. पण त्या आतल्या नळ्या न व्हॉल्व धुवायला कोण जाणार ते आत्ताच ठरवा. आमच्याकडे एक तसली होती, पोरीने तोंड लावलं नव्हतं पण दूध भरून भरून झालं होतं, एकदा सहज नळी खिडकीच्या उजेडात धरली तर आत काळपट रेघ. म्हणजे मी रोज धुतोय म्हणत होतो त्या बाटलीत. एकोणिसाव्या शतकात लांब रबरी नळीच्या काचेच्या बाटल्या निघाल्या होत्या, बाळ पडल्यापडल्या एकटं प्यायचं म्हणून लोकांना फार सोयीच्या वाटल्या, पण नळी आतून साफ व्हायचीच नाही आणि मुलं दगावायची, इंग्रजीत त्यांना चक्क खुनी बाटल्या म्हणायचे, फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून बंद केल्या. म्हणून बाटली हातात घेतलीस की एकच बघ, ब्रश सगळ्या कोपऱ्यांत जातो का. रुंद तोंडाची, कमी तुकड्यांची. प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करून साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे, पहिले दोन महिने तरी रोज एकदा ५ मिनिटं उकळायचे (दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ असेल तर पुढेही), आणि फडक्याने पुसायचे नाहीत, हवेवर वाळू द्यायचे.

पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर एक गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते, ती मोठ्याने सांगतो: ती पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, ७० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, मग पावडर, मग गार करून मनगटावर थेंब टाकून बघायचं. आधी पाणी मोजायचं, नंतर पावडर, त्याच डब्यातला चमचा, सपाट. डबा पुरवायला पाणी वाढवलं तर बाळाच्या रक्तातलं मीठ कमी होऊन झटके येऊ शकतात, यात काटकसर नाही. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, उष्टं उरलेलं ओतून टाकायचं. पंप करून काढलेलं आईचं दूध जरा दमाचं असतं, बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. मायक्रोवेव्हमध्ये मात्र काहीच गरम करू नकोस, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मधेच चटका बसेल असं दूध असतं.

काच की प्लास्टिक विचारलंयस. काच छान धुतली जाते, ओरखडे पडत नाहीत, पण जड आणि हातातून सटकली की संपली. प्लास्टिक आता बहुतेक पॉलिप्रोपिलीनचं असतं. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की त्यात गरम पाणी घालून हलवलं की मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे अगदी बारीक कण, सुटतं, लिटरमागे साधारण तेरा लाख ते दीड कोटीच्या वर. घाबरून सगळं बदलायला धावू नकोस, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दूध कालव, तिथेच गार होऊ दे, मग बाटलीत ओत.

आणि शेवटी हळूच विचारलंयस की तुमच्या जुन्या आहेत का. आहेत, पाचांतल्या चार तर जवळजवळ कोऱ्या. पण देणार नाही. आमची पोरगी २००६ ची, त्या वेळच्या त्या चकचकीत कडक बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या, त्यात बीपीए नावाचं रसायन असायचं, युरोपियन युनियनने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतला त्याचा वापर बंद केला. चार उद्या भंगारात देतो. पाचवी टेबलावर आहे, तिच्यात माझी पेनं असतात. तिच्यावरची ९० ची खूण पार पुसून गेलीय, माझा अंगठा तिथेच यायचा.