दिवा घ्यायचाच, पण सकाळसाठी

तू ‘ताई’ म्हणून लिहिलंस, म्हणून मीही सरळ अरे-तुरेवर येते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: राहणार नागपूरच्या मानेवाड्याचा, ऑक्टोबरच्या शेवटी फिनलंडमध्ये, हेलसिंकीत उतरणार, नोव्हेंबरपासून नोकरी, बायको फेब्रुवारीत येणार. कोणीतरी सांगितलं की तिकडे हिवाळ्यात लोकांना डिप्रेशन येतं आणि प्रखर दिव्यासमोर बसावं लागतं. हे खरं का? दिवा नागपूरहूनच घेऊन जावा का? आणि दोन वर्षांपूर्वी तुझ्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, तर तुला होणारच का?

खरं आहे. नागपूरहून आणू नको. होणारच असं काही नाही, बहुतेकांना होत नाही. पण आधी एकदा होऊन गेलंय, तर ‘बघू, झालं तर घेऊ दिवा’ असं तू करू नको. मी तेच केलं होतं.

मीही नागपूरचीच, त्रिमूर्तीनगरची. जानेवारी 2017 पासून इथे आहे, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत. आपल्याला हिवाळ्याची भीती मुळात नसतेच. आपल्याकडे हिवाळा म्हणजे संत्री, शेतावरची वांग्याची भाजी आणि रोडगे, अधिवेशनासाठी बंद केलेले रस्ते आणि गच्चीवर चटई टाकून पाठीवर घेतलेलं ऊन. भीती मे महिन्याची. म्हणून मी निघताना ज्याने त्याने थंडीबद्दलच सांगितलं, थर्मल घे, मोजे घे, मफलर घे. थंडीचं काही नाही रे. घर गरम, बस गरम, ऑफिस गरम. अंधाराचं मात्र कोणी बोललं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर इथे सूर्य साडेनऊला काही मिनिटं कमी असताना उगवतो आणि सव्वातीनच्या आसपास मावळतो. त्यातही तो वर येतच नाही. हात सरळ लांब करून क्षितिजावर मूठ धर. भर दुपारी सूर्य त्या मुठीच्याही खालीच राहतो, साधारण साडेसहा अंशांवर. नागपुरात त्याच दिवशी तो 45 अंशांवर असतो. समोर चार मजली इमारत असली की आपल्या वाट्याला काहीच नाही. आणि हे आकाश निरभ्र असेल तर. नोव्हेंबरमध्ये ते बहुधा नसतंच. बर्फ पडला की जरा उजळतं, पण तुझा पहिला महिना ओल्या डांबरावरच जाईल.

माझा 2017 चा नोव्हेंबर असा गेला. दहा-अकरा तास झोपायचे आणि उठल्यावर पुन्हा झोप यायची. दोन्ही वेळा भात, वर ब्रेड, वर बिस्किटं. फेब्रुवारीपर्यंत सहा किलो वाढले. रडूबिडू काही येत नव्हतं, म्हणून मला हे डिप्रेशन वाटलंच नाही. डिप्रेशन म्हणजे झोप उडते, जेवण जात नाही, असंच आपण ऐकलेलं. हिवाळ्याच्या या प्रकारात बऱ्याचदा उलटं होतं: झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, हातपाय जड होतात, माणसं नकोशी होतात. मी स्वतःला आळशी म्हणत होते. सकाळी आठला आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे साडेअकरा वाजलेले, ती गच्चीवर उन्हात बसून संत्रं सोलत असायची. माझ्यामागची काळी खिडकी बघून म्हणायची, “काऊन गं, अजून रात्रच आहे का तिकडे?” पुढे पुढे मी फोन उचलणंच सोडलं.

शेवटी ऑफिसच्या आरोग्यसेवेत गेले. इथे कंपनीला ती द्यावीच लागते; तूही रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती कशी वापरायची ते विचारून घे. नर्सने आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, कारण थकवा कशानेही येतो. मग विचारलं, कधीपासून? म्हटलं, नोव्हेंबरपासून. तिने नुसती मान डोलावली. इथे त्याला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, ‘कामोसमासेन्नुस’. ‘कामोस’ म्हणजे उत्तरेकडची सूर्य न उगवणारी रात्र, ‘मासेन्नुस’ म्हणजे डिप्रेशन. आपल्याकडे अशा गोष्टीसाठी डॉक्टरकडे जायचं म्हटलं की लोकांना पहिलं मनोरुग्णालयच आठवतं. इथे सर्दीसारखं बोलतात.

या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ हे नाव मिळालं 1984 मध्ये. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिलं. हे रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे; न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपलंच काहीतरी बिनसतंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे आपल्यासारखाच उन्हाच्या गावचा माणूस.

आता दिवा. माझ्या चुकांपासूनच सांगते.

पहिली चूक, स्वस्त दिवा. ऑनलाइन घेतला, मोबाइलएवढा, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘10,000 लक्स’ (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). आतल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं की हा आकडा दहा सेंटीमीटरवरचा आहे. दहा सेंटीमीटर म्हणजे नाकाला लावून बसायचं! हातभर अंतरावर ठेवून फोनच्या अ‍ॅपने मोजलं तर हजारही भरेना. फोनचं मोजमाप काही अगदी अचूक नसतं, पण दहा हजार आणि हजार यांतला फरक तेवढं सांगतंच. तेव्हा खोक्यावरचा आकडा किती अंतरावरचा आहे ते आधी वाच. 40 ते 60 सेंटीमीटरवर 10,000 लक्स देणारा हवा. तसा दिवा चांगला मोठा असतो, साधारण परातीएवढा. प्रकाश पांढरा हवा, अल्ट्राव्हायोलेट गाळलेला हवा. रंगीत, निळ्या वगैरेच्या नादी लागू नको. मी दुसरा 90 युरोला घेतला, तो अजून चालतोय. दुकानात ‘किर्कासवालोलाम्पू’ विचार, जिभेला वळण पडेपर्यंत फोनवर लिहून दाखव. जुन्या वस्तूंच्या बाजारातही मिळतात. म्हणून म्हटलं, बॅगेतले दोन किलो त्यावर घालवू नको.

दुसरी चूक याहून मोठी. मी दिवा संध्याकाळी लावायचे. ऑफिसातून आल्यावर अंधार बघून जीव घाबरा व्हायचा, म्हणून सहा-सातला तासभर समोर बसायचे. बसले की बरं वाटायचं, आणि मग रात्री दोनपर्यंत टक्क जागी. सकाळी आणखीच हाल. दिवा म्हणजे अंधारावरचा उतारा, अशी माझी समजूत होती. खरं तर तो शरीराच्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळवणारा निरोप्या आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नाही, उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला सांगणं हे आहे. तो निरोप गेला की मेलाटोनिन हे रात्रीचं हार्मोन थांबतं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स, तो याला पुरत नाही. आपल्या मेच्या उन्हात लाखभर लक्स असतात. दहा हजार म्हणजे उजळशा ढगाळ दुपारइतकं. हा निरोप सकाळी गेला तर झोपेची वेळ अलीकडे येते, संध्याकाळी गेला तर पुढे ढकलली जाते. माझं तेच झालं.

तेव्हा उठल्यापासून तासाभरात, रोज, अर्धा तास. दिवा समोर जरा बाजूला आणि डोळ्यांच्या किंचित वर ठेवायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत. माझा स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो. चहा, पोहे, आईचा फोन, सगळं त्याच्या पुढ्यातच. साधा चष्मा चालतो, रंगीत काच नको. फरक आठवड्या-दोन आठवड्यांत कळतो. मला कळला तो असा, की एका सकाळी गजराच्या आधी जाग आली आणि मी पुन्हा पांघरूण ओढलं नाही. सुरुवातीला डोकं दुखेल, डोळे चुरचुरतील. तेव्हा दिवा थोडा लांब सरकव किंवा पंधरा मिनिटांपासून सुरू कर. रविवारची सुट्टी नाही. आणि बरं वाटलं म्हणून जानेवारीत बंद करू नको, मार्चपर्यंत चालू ठेव. तू तर उतरल्या आठवड्यापासूनच सुरू कर.

हे नुसतं मनाचं समाधान नाही. 2006 मध्ये कॅनडात 96 रुग्णांवर आठ आठवडे तुलना केली होती: एका गटाला रोज अर्धा तास दिवा, दुसऱ्याला फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळी. शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. याचा अर्थ दिवा मिळाला म्हणून गोळ्या सोडायच्या, असा काढू नको. तुझ्या गोळ्या आता चालू असोत किंवा बंद, निघण्याआधी तुझ्या नागपूरच्या डॉक्टरांना भेट, दिव्याचं सांग आणि औषधांची नावं इंग्रजीत लिहून घे. दोन गोष्टी त्यांना स्पष्ट विचार. तुझं नुसतं डिप्रेशन होतं की बायपोलर, म्हणजे मन कधी खचतं, कधी नको इतकं उसळतं ते? बायपोलर असेल तर दिव्याने मन उलट्या टोकाला उसळू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही. आणि चालू औषधांपैकी कशाने प्रकाश सोसेनासा होतो का? काही अँटिबायोटिक्सने तसं होतं. डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास असेल, किंवा मधुमेहाने डोळ्यांवर परिणाम झाला असेल, तर आधी डोळ्यांचे डॉक्टर. आणि दिव्याने भागत नाहीये, जगणं नकोसं वाटतंय, असं झालं तर दिव्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा, रात्री-अपरात्री 112 ला फोन करायचा.

आणखी एक, जे मला इथल्या कोणी सांगितलं नाही, कारण त्यांना ते सुचणारच नाही. आपल्या हाताला पडदे ओढायची सवय असते. लहानपणापासून मार्च लागला की खिडक्या बंद, कूलरला वाळा, बाहेर पडताना तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा. ऊन चुकवणारा तो शहाणा. मी पहिल्या उन्हाळ्यात इथे रात्री अकराच्या उजेडाला वैतागून जाड काळे पडदे लावले, आणि नोव्हेंबरमध्येही ते तसेच ओढलेले! ऑफिसातही खिडकीपासून लांबची जागा मीच मागून घेतली होती. तू खिडकीजवळची माग. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आभाळ कितीही मळकट असलं तरी वीस मिनिटं बाहेर चाल. ढगाळ दुपारसुद्धा ऑफिसच्या दिव्यांपेक्षा उजळ असते. कोटाला चमकणारा रिफ्लेक्टर लटकव, अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. व्हिटॅमिन डी वेगळं घे. दिव्यातून ते मिळत नाही, अल्ट्राव्हायोलेट गाळलेला असतो ना. हा घोळ इथले आपले लोक दरवर्षी घालतात.

बायको फेब्रुवारीत येतेय ते बरंच आहे, तोवर दिवस भराभर मोठे व्हायला लागलेले असतात. तिला तेव्हा सगळं छानच वाटेल आणि तू उगाच बाऊ करत होतास असं ती म्हणेल. पुढच्या नोव्हेंबरला तिलाही दिव्यासमोर बसव.

तो पहिला मोबाइलएवढा दिवा मी कोथिंबीर निवडायला वापरते. उतरलास की एखाद्या रविवारी सकाळी ये, मोठा कसा ठेवायचा ते दाखवते. येताना संत्रा बर्फी आणू नको, दुधाचे पदार्थ युरोपात सामानातून आणू देत नाहीत. सावजी मसाला मात्र आण.