हेमलॉकवर लेडीबर्ड सोडण्याआधी

कनेक्टिकटमधल्या अंगणातल्या हेमलॉकला (सुयांसारखी पानं असलेलं झाड) 'कापूस', म्हणजे रस शोषणाऱ्या किडीचे पांढरे गोळे, लागला म्हणून दुकानातले लाल, ठिपकेवाले लेडीबर्ड आणू नका. दोन दिवसांत भुर्रकन उडून जातात. मीही पैसे घालवलेत.

तुम्हाला हवा तो ही कीड खाणारा सासाजिस्किम्नस सुगी, हाही एक लेडीबर्ड भुंगेराच. मूळ जपानचा, १९९५ मध्ये तुमच्याच राज्यात पहिल्यांदा सोडलेला. जेमतेम २ मिलिमीटर, काळा, ठिपका एकही नाही. फांदीखाली पांढरं कापड धरून काठीने झटका. मोहरी पडल्यासारखी वाटते आणि मग ती मोहरी चालू लागते!

सोडायचे वसंतात. सुयांच्या बुडाशी असलेला कापसाचा गोळा टाचणीने उसवा, भिंगातून पाहा. तपकिरी-नारिंगी अंडी दिसली की वेळ झाली. उन्हाळ्यात ही कीड (मावा नव्हे, त्याची चुलत भावंडं) सुप्त असते, तेव्हा सोडू नका.

नत्रखत बिलकुल नको, त्याने कीडच माजते. झाड फारच खंगलं असेल तर त्याला परवानाधारकाकडून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी (मुळाशी औषध ओतणं) करून घ्या आणि भुंगेरे दुसऱ्या, औषध न दिलेल्या झाडावर सोडा. दोन्ही एकाच झाडावर करण्यात काही अर्थ नाही.

आणि पक्ष्यांचं दाण्याचं भांडं त्या झाडावरून आधी काढा. किडीची पिल्लं पक्ष्यांच्या पायांना चिकटून शेजारच्या झाडावर जातात.